डावा खांदा

डोंगरावरून येणारा कोमट फ्योन वारा सुटला की डोकं दुखतं, असं इन्सब्रुकमधले लोक एकमेकांना इतकं सांगतात की सांगता सांगता खरंच दुखायला लागतं. त्या दिवशीही तो सुटला होता. दुपारभर छपरांवरचं बर्फ ठिबकत राहिलं आणि गल्लीच्या ज्या बाजूला ऊन कधी येतच नाही तिथे, संध्याकाळच्या आत, ते पाणी पुन्हा गोठून काच झालं. रोमेद श्पिस पावाची पिशवी घेऊन बेकरीतून बाहेर पडला, पायरी उतरला आणि त्याचा पाय सरकला. एवढंच झालं. तो पडलाही नाही. पण पाय सरकला त्या क्षणी त्याचे दोन्ही गुडघे धावत येऊन एकमेकांना चिकटले, कंबर दरीच्या बाजूला किंचित कलली (गल्लीला दरी कुठून असणार, तरी कलली), आणि साठी कधीच ओलांडलेला हा माणूस जोडपायांनी घसरत, अगदी डौलात, कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन अलगद थांबला. कोपऱ्यावर एक म्हातारा सिगारेट ओढत उभा होता. त्याने आधी रोमेदच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"एंगेलबर्टचा ना तू?" म्हातारा म्हणाला. "ओबरमोसच्या श्पिसचा. मीपण लहानपणी स्की त्याच्याकडेच शिकलो. गुडघे बघितले आणि म्हटलं, हा त्याच दावणीचा." आणि मग, जाता जाता, हसून, "घंटा नाही वाजली हो."

रोमेदने मान हलवली. काहीतरी हसल्यासारखंही केलं असेल. म्हातारा गेल्यावर तो तिथेच उभा राहिला, कारण त्याला गुडघे सोडवायचे होते आणि ते सुटत नव्हते. ते दुखत नव्हते, आखडलेही नव्हते. फक्त त्याचं ऐकत नव्हते. ज्या माणसाने उभ्या ऑस्ट्रियाच्या स्की-शिक्षणातून जोडपाय हद्दपार केले, ज्याने पाय जुळलेले दिसताच शेकडो उमेदवारांना परीक्षेत "पाय लांब" एवढ्या दोन शब्दांवर नापास केलं, तो माणूस भर रस्त्यात कचऱ्याच्या डब्याला टेकून बापाच्या गुडघ्यांवर उभा होता. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपला फिरत होता, पिठाची गोळी वळावी तसा. ते पार्किन्सनचं, त्याची आता सवय झाली होती. गुडघ्यांचं नवीन होतं. नवीन म्हणजे जुनं.

बापाची घंटा शेळीची होती. पितळेची, लिंबाएवढी. एंगेलबर्ट ती पोरांच्या एका गुडघ्याच्या आतल्या बाजूला चामड्याच्या पट्ट्याने बांधायचा. दोन्ही गुडघे घट्ट जुळलेले असले की घंटा मधे दबून मुकी राहायची, बोटभर फट पडली की वाजायची. मग तो खाली उतारावर जाऊन उभा राहायचा. धुकं असलं तर फारच बरं, कारण धुक्यात पोरगं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. वरून एकेक पोरगं निघायचं आणि ज्याची घंटा वाजली त्याला खालून एकच शब्द यायचा. "वर." म्हणजे स्की काढायच्या, खांद्यावर टाकायच्या, आणि जिथून निघालो तिथपर्यंत चालत जायचं. एंगेलबर्ट कधी ओरडला नाही, हात तर कुणालाच लावला नाही. त्याची गरजच पडायची नाही. रोमेद रात्री पांघरुणातही गुडघे जोडून झोपायचा, आणि आई सकाळी गोधडी ओढताना म्हणायची, "अरे, इथे कोण ऐकतंय तुझं?" तिला माहीत नव्हतं की ऐकणारा आतच येऊन बसलाय. आणि खरं सांगायचं तर बाप उतरताना दिसायचा सुंदर. दोन पायांचा माणूस एका पायाचा होऊन, उंबरठ्यावरून पाणी उतरावं तसा खाली यायचा आणि मागे एकच रेघ राहायची. हॉटेलांच्या गच्च्यांवर कॉफी पीत बसलेल्या बायका कप खाली ठेवायच्या. गावातल्या माणसाला तर समोरच्या डोंगरावरून, ठिपक्याएवढी आकृती बघूनही सांगता यायचं की कोण कुणाचा: खांदा फिरवून वळतोय म्हणजे फ्रेंचांकडे शिकलेला, ढुंगण मागे टाकतोय म्हणजे सैन्यात शिकलेला, आणि असा देवळातल्या मूर्तीसारखा येतोय म्हणजे श्पिसचा. चेहरा नंतर, आधी गुरू दिसायचा. रोमेदला लोक नावाने हाक मारत नसत. "श्पिसचा" म्हणायचे, आणि बापाच्या हाताखालच्या सगळ्याच पोरांना तेच म्हणायचे, त्यामुळे सख्खा असून त्याच्या वाट्याला वेगळं असं काही आलं नाही.

एकदाच त्याने घंटा काढून ठेवली होती. सतरा वर्षांचा असताना, एकटा, गावाच्या वरच्या अंगाला जंगलात. ताजं बर्फ, कुणी नाही. त्याने पाय सुटे केले आणि तसाच, मनाला येईल तसा, सुटला. काही वळणं अशी झाली की त्याला अजून त्यांचा वास आठवतो, थंड राळेचा, आणि स्वतःच्याच तोंडून निघालेला कसलातरी आवाज. मग झाड. डाव्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं. बापाने त्याला घसरगाडीवर घालून खाली आणलं आणि घराच्या दारात म्हणाला, "बांधली असतीस तर." हाड जुळलं ते थोडं आखूड जुळलं. पुढे लग्न झाल्यावर हेडविग त्याच्या प्रत्येक कोटाला डाव्या बाजूने आतून कापसाचा पॅड शिवायची, स्की-शिक्षकाच्या लाल कोटालासुद्धा, आणि ती गेली तोवर तो स्वतःच विसरून गेला होता की आपले खांदे सारखे नाहीत.

बापाचा सूड त्याने शांतपणे, अभ्यास करून घेतला. इन्सब्रुकला येऊन शिकला. गुडघे, घोटे, वजन, स्कीची कड किती अंशात कलते, सगळं मोजून, चित्रफिती काढून, त्याने आणि त्याच्यासारख्या आणखी चारजणांनी दाखवून दिलं की जोडपाय हा नुसता नखरा आहे. पाय एकमेकांपासून कमरेच्या रुंदीइतके लांब, दोन्ही कडांवर भार, खांदे सरळ. हे कुणालाही आठवड्यात येतं. घंटा नको, धुकं नको, "वर" नको. पोरांनी खेळत शिकायचं. शिक्षकांच्या मेळाव्यात त्याने हे मांडलं तेव्हा मागच्या रांगेतून एंगेलबर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "पाय लांब करून गाई मुततात." सभागृह पोट धरून हसलं. पण मतं मोजायची वेळ आली तेव्हा हसणाऱ्यांनीच नव्या पद्धतीला हात वर केले, कारण पाहुणे आठवड्यासाठी येतात आणि त्यांना आठवड्यात यायला हवं असतं. ओबरमोसच्या स्की-शाळेने म्हाताऱ्याकडून पोरं काढून घेतली आणि त्याला डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या फाटकावर उभं केलं. तिथे तो पुढची कित्येक वर्षं लोकांच्या ढुंगणाखाली खुर्च्या सरकवत राहिला. फाटकातून जाताना रोमेद म्हणायचा, "येतो, बाबा." बाप म्हणायचा, "ये. पाय लांब ठेव." त्यात टोमणा होता की आशीर्वाद, हे बाप मेला तरी कळलं नाही.

आणि आता हा आजार. नवं शिकलेलं आधी जातं असं काही डॉक्टरीणबाई म्हणाली नव्हती. ती तरुण पोरगी एवढंच म्हणाली होती, "या हिवाळ्यात स्की करून घ्या, पुढचं पुढे बघू." हे वाक्य रोमेदने स्वतः इतक्या नापास उमेदवारांना म्हटलं होतं की त्याचा अर्थ त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. पण घरी येऊन, पाव कापायचा राहून, खुर्चीत बसल्यावर त्याला दिसलं ते असं: वरचं वरचं आधी सोलून निघतंय. हयातभर घडवलेलं, मोजलेलं, शिकवलेलं सगळं एका निसरड्या पायरीवर गळून पडलं आणि खालून बाप निघाला. जित्याची खोड म्हणतात ती निदान ज्याची त्याची असते, ही तर दुसऱ्याची. मग मी कुठाय? बापाला खोडून त्याच्यावर शिकवण्याचा एक आराखडा लिहिला, तो आराखडा तर देशाचा होता, त्यात माझं काय होतं? तळाशी बाप सोडून आणखी काही आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं, आणि बघायला हा एकच हिवाळा उरला होता. त्याला भीती वाटली. मरणाची नव्हे. मरायला आपण कुणी असायला तर पाहिजे, अशी काहीतरी.

बुर्गी, त्याची मुलगी, नदीपलीकडे चष्म्याच्या दुकानात होती. दुसऱ्या दिवशी तो तिथे गेला तेव्हा ती एका बाईच्या नाकावर चौकट बसवत होती आणि तिने त्याला डोळ्यांनीच थांबायला सांगितलं. बाई गेल्यावर म्हणाली, "काय झालं?"

"काही होऊनच यायला पाहिजे का?"

"तुम्ही येता तेव्हा झालेलंच असतं, बाबा."

"रविवारी वर जाऊ या. डोंगरावर. तू आणि मी."

ती काचा पुसत होती ती थांबली. बरीच वर्षं झाली होती. "मला स्की भाड्याने घ्याव्या लागतील," ती म्हणाली. "आणि तुम्हाला डॉक्टरने..."

"तिनेच सांगितलंय. करून घ्या म्हणून."

"'करून घ्या' म्हणाली?" बुर्गीने मान खाली घालून पुन्हा पुसायला सुरुवात केली. तिलाही त्या वाक्याचा अर्थ माहीत होता. तिने ते दोनदा ऐकलं होतं.

बुर्गीला त्याने घंटेशिवाय शिकवलं होतं. त्याचा त्याला केवढा अभिमान. समोर उभा राहून, हसत, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगून, काठीने बर्फावर चित्र काढून. मग म्हणायचा, "आता माझ्या मागून ये." आणि ती यायची, त्याच्याच रेघेत, सबंध सबंध दिवस, एप्रिलच्या उन्हात तर दोघं नुसत्या सदऱ्यांवर. पाय तिचे झकास होते. इतके की रोमेदला वाटायचं, पद्धत म्हणतात ती ही. पण वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी तिला ती खोड लागली. डावीकडे वळताना डावा खांदा खाली पडायचा, पडायचा आणि एक क्षण उशिरा वर यायचा. रोमेद ओरडायचा, "खांदा!" ती उचलायची. दोन वळणांनी पुन्हा पडायचा. त्याने तिला खांद्यांवर आडवी काठी धरायला लावली, आरशासमोर उभं केलं, डॉक्टरकडे नेऊन हाड तपासलं, हाड सरळसोट होतं. जेवतानाही विचारायचा, "हे तू उचललंस कुणाकडून? शाळेतल्या त्या टवाळ पोरांकडून?" हेडविग म्हणायची, "अहो, सूप गार होतंय." बुर्गी चमचा उचलायची. सरकारी स्की-शिक्षकाच्या परीक्षेला ती बसली तेव्हा परीक्षकमंडळाचा प्रमुख तोच. तिच्या दिवशी तो नियमाप्रमाणे बाजूला झाला, आणि जाताना सहकाऱ्याला म्हणाला, "माझी मुलगी म्हणून सूट देऊ नकोस." सहकाऱ्याने दिली नाही. पुढच्या वर्षीही दिली नाही. दोन्ही वेळा खांदा. ती त्यानंतर इन्सब्रुकला आली, चष्म्याचं शिकली, आणि घरात त्या विषयावर पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. रोमेद मनाशी म्हणायचा, निदान मी बापासारखं "वर" म्हणालो नाही.

रविवारी वारा तसाच होता, कोमट आणि वेडसर, आणि ऊन इतकं की रोमेदने लाल कोट गाडीतच टाकला आणि नुसत्या लोकरी सदऱ्यावर वर गेला. लिफ्टच्या खुर्चीत दोघं शेजारी बसले. त्याचा उजवा हात मांडीवर गोळ्या वळत होता. बुर्गीने त्याच्या काठ्या आपल्याकडे घेतल्या. वर पोचल्यावर तो म्हणाला, "मी पुढे निघतो. तू मागून ये आणि फोनवर माझं चित्रण घे. डोक्यापासून पायापर्यंत. नुसते पाय नको."

"कशाला?"

"बघायचंय मला."

"काय बघायचंय?"

"कोण आहे ते," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं नाही हे त्याने पाहिलं.

तो निघाला. पहिलं वळण त्याने ठरवून केलं, पाय लांब, दोन्ही कडा. दुसरंही. तिसऱ्याला उतार वाढला आणि ठरवणं मागे राहिलं. गुडघे जुळले. त्याला ते जुळताना कळलं, हुंदका गळ्याशी येताना कळतो तसं, आणि थांबवता आलं नाही. मग त्याने सोडून दिलं. म्हटलं ये, तूच ये म्हाताऱ्या. आणि बाप आला, सगळ्या डौलासकट, आणि रोमेदचं शरीर त्याच्या ताब्यात बिनबोभाट खाली जात राहिलं, आणि कानात घंटा वाजली नाही, आणि ती वाजत नाही याचं त्याला इतकं सुख झालं की त्या सुखाची त्याला किळस आली. सपाटीवर येऊन थांबला तेव्हा तो धापा टाकत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्याचंही असेल.

बुर्गी येऊन शेजारी थांबली. तिने फोन त्याच्या हातात दिला, मग त्याचा हात बघून परत घेतला आणि स्वतःच त्याच्यासमोर धरला. उन्हात नीट दिसेना म्हणून तिने दुसऱ्या हाताने आडोसा केला. आडोशाखाली एक छोटी पाठमोरी आकृती उतार उतरत होती. रोमेद सवयीने पायांकडे बघणार होता. पण नजर वर गेली. डावीकडच्या वळणावर त्या आकृतीचा डावा खांदा खाली पडला, आणि एक क्षण उशिरा वर आला. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा.

"हे नको," तो चिडून म्हणाला. "ही तू आहेस. माझं दाखव."

"मी कशी असेन?"

"खांदा बघ ना. तुझाच आहे. जुनं काहीतरी लागलंय, बदल ते."

"बाबा," बुर्गी म्हणाली, "हे मी आत्ता काढलंय. सदरा बघा."

त्याने सदरा पाहिला. हेडविगने विणलेला, हिरवा, कोपराला ठिगळ. खांदा पडला, उशिरा वर आला. आकृती सपाटीवर पोचली, थांबली आणि चित्रण संपलं, आणि फोनच्या काळ्या काचेत त्याचं आणि तिचं तोंड शेजारी शेजारी दिसलं. हाड. आखूड जुळलेलं हाड, जंगलातलं. सगळ्या चित्रफितींत लाल कोट होता, कोटात पॅड होता, आणि बघणारे, तो धरून, पायांकडे बघत होते. समोर उभं राहून दाखवताना तो खांदे सरळ धरायचा. पण पाठीला कोण पॅड लावणार. ती पाठ बघत होती. एप्रिलमधले ते सबंध सबंध दिवस, नुसत्या सदऱ्यावर, ती त्याच्या पाठीमागे होती. तो तोंडाने जे शिकवत होता ते तिच्या पायांत गेलं, आणि न शिकवलेलं खांद्यात.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या परीक्षेनंतर. स्की-शाळेच्या खिडकीतून तुम्हाला उतरताना पाहिलं. कोट नव्हता तुमच्या अंगात."

"मग बोलली का नाहीस?"

तिने फोन खिशात ठेवला, खिशाची चेन लावली, ती अडकली, पुन्हा लावली. "आईने सांगितलं, नको म्हणून. म्हणाली, त्यांच्याजवळ तेवढंच एक आहे, की आपण आपल्या बापासारखं केलं नाही. ते कशाला काढून घेतेस." मग तिने गॉगल डोळ्यांवर ओढला. "आणि तुम्ही विचारत होतात ते उत्तर ऐकायला नव्हतात विचारत."

रोमेदला काही म्हणायचं होतं. माफी हा शब्द त्याच्या तोंडात आला आणि इतका लहान लागला की त्याने तो गिळला. तो शोधायला आला होता ते सापडलं होतं. तळाशी बाप सोडून खरंच काहीतरी होतं, त्याचं स्वतःचं, कुठल्या पद्धतीत न बसणारं, सतराव्या वर्षी घंटा काढून ठेवून एका झाडापाशी कमावलेलं. ते त्याने मुलीला दिलंही होतं, आणि मग दहा वर्षं तेच तिच्या अंगातून उपटून काढायला तिच्यावर ओरडला होता, आणि नाही निघालं म्हणून तिला दारातून परत पाठवलं होतं. एंगेलबर्ट निदान जे देत होता तेच मागत होता.

"चला," बुर्गी म्हणाली. "सावल्या जाऊन उजेड सपाट व्हायला लागला की तुम्हाला खड्डे दिसणार नाहीत. मी पुढे होते. माझ्या रेघेत या, घाई करू नका."

"बुर्गी."

"नंतर बोलू, बाबा. पाय लांब ठेवा."

ती निघाली, हळू, दर वळणाला मागे त्याच्यासाठी जागा सोडत. तो तिच्या रेघेत शिरला. त्याचे गुडघे जुळले ते जुळलेच, तो त्यांच्याशी भांडला नाही. पुढे तिची पाठ होती, भाड्याच्या निळ्या कोटातली, आणि डाव्या वळणावर तिचा डावा खांदा खाली पडला आणि एक क्षण उशिरा वर आला. किती ओळखीचं होतं ते. त्याला वाटलं, हे आता आपण असंच बघत राहावं, काही बोलू नये, खालपर्यंत. पुढचं डावं वळण आलं, खांदा पडला, आणि रोमेदच्या तोंडून, त्याला विचारल्याशिवाय, हात थरथरतो तितक्याच आपसूक, जोरात निघालं, "खांदा!"

बुर्गीने मागे पाहिलं नाही. तिने खांदा उचलला. दोन वळणं तो सरळ राहिला, आणि मग पुन्हा पडला, आणि ती तशीच खाली जात राहिली, आणि तो तिच्या मागून.